राज्यशास्त्र, लोकप्रशासन आणि संसदीय अभ्यासात प्राध्यापक व्हायचंय? सोलापूर जिल्ह्यातून वारंवार येणारे प्रश्न

निकालाचे दिवस आले की करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत सगळीकडून तेच प्रश्न येतात. कधी विद्यार्थी विचारतात, कधी त्यांचे वडील. दरवेळी नव्यानं टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे पुढे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. भरतीचे नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात आणि माहितीपुस्तिका वाचायचीच. हे पान त्यांची जागा घेत नाही.

१. या क्षेत्रात नेमका कशाचा अभ्यास करतात? पेपरमधलं राजकारणच ना?

नाही. पेपरात कोण कुठल्या पक्षात गेलं हे येतं. संसदीय अभ्यासात सभागृह कसं चालतं ते पाहतात: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना, पुरवणी मागण्या, लोकलेखा समिती, आश्वासन समिती. सभागृहात ठरलेलं पुढं तहसील, पंचायत समिती किंवा महापालिकेच्या झोन कार्यालयात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे लोकप्रशासन पाहतं.

आपल्याकडचं उदाहरण उजनी धरणाचं. उजनीच्या पाण्यावर आमदार विधानसभेत प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, ते कामकाजात छापलं जातं. पण कालव्याला आवर्तन कधी सोडायचं ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं आणि टेलच्या गावाला पाणी पोचलं की नाही हे त्यानंतरचं तिसरंच प्रकरण असतं. या तिन्ही पायऱ्या ज्याला एकत्र वाचता येतात तो या विषयाचा अभ्यासक.

२. बारावी सायन्सची आहे. आता आर्ट्सला आले तर उशीर झाला का?

उशीर वगैरे काही नाही. बी.ए. राज्यशास्त्र केलं तर पाया पक्का होतो, पण बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेल्यांनाही बहुतेक ठिकाणी एम.ए. राज्यशास्त्राला प्रवेश मिळतो. गणित आलेल्या मुलांना अर्थसंकल्पाचे आकडे वाचायला सोपे जातात. हा फायदा आर्ट्सवाल्यांना सहसा नसतो.

३. एम.ए. सोलापुरात करावं की पुण्याला जावं?

सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं. त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २०१९ मध्ये त्याचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असं नामकरण झालं. एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ असल्यानं कामं केगावच्या विद्यापीठात जाऊन त्याच दिवशी उरकता येतात.

पुण्याच्या विद्यापीठात राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन यांचा एकच विभाग आहे. मुंबई विद्यापीठाचा विभाग नागरिकशास्त्र व राजकारण या नावानं ओळखला जातो. दोन्हीकडे वाचायची आणि वाद घालायची सवय लागते, ती खरी कमाई. पण खोलीभाडं आणि मेस यांचा हिशेब घरी मांडून बघा. तो झेपत नसेल तर एम.ए. इथंच करा आणि वाचलेल्या पैशातून महिन्यातून एकदा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठा. गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय जुन्या सरकारी अहवालांसाठी फार उपयोगी आहे. पुण्यात राहून ग्रंथालयात पाऊल न टाकणारी मुलंही मी पाहिली आहेत, त्यामुळे गावाच्या नावाला मी फार किंमत देत नाही.

४. राज्यशास्त्र घेऊ की लोकप्रशासन? जागा कशात जास्त?

प्राध्यापकच व्हायचं असेल आणि पश्चिम महाराष्ट्रातच राहायचं असेल तर राज्यशास्त्र. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत लोकप्रशासन हा राज्यशास्त्रातला एक पेपर असतो, त्याचं वेगळं पद नसतं. मराठवाड्यात आणि विदर्भात चित्र वेगळं आहे. तिथं लोकप्रशासन अनेक कॉलेजांत स्वतंत्र विषय म्हणून चालतं. नागपूर विद्यापीठात तर लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य शासन असा जुना विभाग आहे. बार्शीच्या किंवा अक्कलकोटच्या मुलाला धाराशिव-लातूर काही लांब नाही, तेव्हा लोकप्रशासन घेतलं तर नजर पूर्वेकडे ठेवा. 'सेट' किंवा 'नेट' या प्राध्यापक पात्रता परीक्षांना बसताना विषय कसा निवडायचा ते प्रश्न ७ मध्ये आहे.

५. मुक्त विद्यापीठातून एम.ए. केलं तर चालतं का?

चालतं. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्यता असलेल्या दूरस्थ पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धरल्या जातात. इग्नूमध्ये राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन दोन्हीत एम.ए. आहे. तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला मान्यता होती का, हे मात्र तपासा आणि तो कागद जपून ठेवा. छाननी समितीसमोर तोच मागतात. पीएच.डी. मात्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं करता येत नाही.

६. सहायक प्राध्यापक व्हायला किमान काय लागतं?

एम.ए.ला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत) आणि नेट किंवा सेट. यूजीसीच्या २००९ किंवा नंतरच्या नियमांप्रमाणे पीएच.डी. झाली असेल तर नेट-सेटमधून सूट मिळते. विद्यापीठ विभागातल्या पदांना पीएच.डी. सक्तीची होणार असं मध्ये ठरलं होतं, पण जुलै २०२३ मध्ये तो नियम बदलला. नेट-सेट हीच किमान अट राहिली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. पुढच्या बढतीला मात्र ती लागतेच (प्रश्न १३).

२०२५ च्या जानेवारीत यूजीसीनं नव्या विनियमांचा मसुदा काढला, तेव्हा 'आता नेटची गरज नाही' असे मेसेज बरेच फिरले. मसुद्यावर अर्ज भरता येत नाही. जाहिरातीत कोणत्या विनियमाचा उल्लेख आहे तेवढं बघा.

५४.९ टक्के म्हणजे ५५ का? नाही. पूर्णांकात रूपांतर चालत नाही. अशांनी एम.ए. दुसऱ्या विषयात करण्याआधी श्रेणी सुधारण्याची सोय आहे का ते परीक्षा विभागात विचारावं.

७. नेट द्यावी की सेट?

दोन्ही द्या. पण फरक समजून घ्या.

नेट एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, प्रत्येकी २ गुण, एकूण ३ तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. राज्यशास्त्राचा विषय क्रमांक ०२, लोकप्रशासनाचा १४. माध्यम हिंदी किंवा इंग्रजी. जेआरएफसाठी (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, प्रश्न ९) वयोमर्यादा आहे, सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी नाही. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाचाही एक गट केला आहे.

सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. राज्यशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि सोलापूर हे केंद्र आहे. बी.ए., एम.ए. मराठीतून केलेल्यानं इंग्रजीचं ओझं पहिल्याच प्रयत्नात कशाला घ्यावं? सेट आधी काढावी, पण इंग्रजी वाचन थांबवू नये. संसदीय कार्यपद्धतीवरची कौल-शकधर यांच्यासारखी मूळ पुस्तकं इंग्रजीतच आहेत.

विषयाचं म्हणाल तर ज्या विषयात एम.ए. त्याच विषयात परीक्षा. तुमच्या पदवीचं नाव यादीतल्या विषयाशी तंतोतंत जुळत नसेल तर माहितीपुस्तिकेतली विषयसूची वाचा आणि शंका अर्ज भरण्याआधी लेखी विचारा. सेट दुसऱ्या राज्यात चालते का, याचं उत्तर प्रश्न १८ मध्ये आहे.

८. पीएच.डी.ला किती वर्षं लागतात? लग्न झालं तर काय?

हा दुसरा भाग नेहमी मुलीच विचारतात, किंवा त्यांच्या आया. २०२२ च्या विनियमांप्रमाणे किमान ३ वर्षं, कमाल ६ वर्षं आणि पुनर्नोंदणी करून आणखी २. स्त्रियांना आणि दिव्यांगांना त्यापुढेही २ वर्षांची सवलत आहे. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ही माहिती सासरच्यांना नियमाच्या कागदासकट दाखवा, तोंडी सांगून फारसा उपयोग होत नाही.

एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, अशी मर्यादा आहे. म्हणून प्रवेश परीक्षा पास होऊनही मार्गदर्शकाकडे जागा नसल्यानं मुलं अडकतात. परीक्षेआधीच रिक्त जागांची यादी पाहून मार्गदर्शकांना भेटा. एम.फिल. आता बंद झालं आहे.

९. तोवर खायचं काय?

जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं. ती नाही मिळाली तर राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. यांच्या जाहिराती नियमित वेळेवर येतील या भरवशावर राहू नका. नोंदणीचा दाखला, जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवून वाट बघायची. वैधतेचा अर्ज आज टाका. नुसता बाकी आहे म्हणून मुलं संधी घालवतात.

१०. संशोधनाचा विषय सुचवाल का? सगळे 'पंचायत राजमधील महिलांचा सहभाग' घेतात.

घेतात खरे, आणि गावाचं नाव बदललं की प्रबंध बदलतो. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अंमलात आली, महाराष्ट्रानं २०११ मध्ये महिलांचं आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. याच्या पुढचा प्रश्न विचारायला हवा. सरपंचबाईंच्या सहीचे धनादेश कोण लिहितं, ग्रामसभेची नोटीस कुणाच्या घरी पोचते, हे कुणी मोजलेलं नसतं.

सोलापूरसारखा जिल्हा या विषयाला मिळणं म्हणजे भाग्य आहे. काही दिशा सांगतो.

पहिली दिशा प्रशासकराजाची. मार्च २०२२ मध्ये सोलापूर महापालिकेची आणि जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि दोन्हीकडे प्रशासक आले. नगरसेवक नसताना वॉर्डातली तक्रार कुठं जात होती? अंदाजपत्रकात काय बदललं? आयुक्तच प्रशासक असेल तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं? लोकनियुक्त काळातल्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं आणि प्रशासकाचे ठराव शेजारी-शेजारी ठेवले की प्रबंधाचा अर्धा कणा उभा राहतो.

दुसरी पंढरपूरची. पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा, त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ मध्ये निकाली निघाला आणि मंदिराचा कारभार समितीकडे राहिला. देवस्थान, नगरपरिषद, जिल्हाधिकारी आणि पोलिस आषाढीच्या काही दिवसांत एकमेकांत कसे गुंततात, यावर लोकप्रशासनाच्या अंगानं अजून खूप लिहिता येईल. वारीवर भक्तीच्या अंगानं पुष्कळ लिहून झालं आहे. पाणी, शौचालय, वारकऱ्यांचे ६५ एकरातले तळ, ठेक्यांच्या निविदा यांवर तितकं नाही.

तिसरी सांगोल्याची. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात तिथून ११ वेळा विधानसभेवर निवडून आले. बहुतांश काळ सत्तेबाहेर राहून एक आमदार अर्धशतक प्रश्न, कपात सूचना आणि समित्यांमधून मतदारसंघासाठी काय मिळवू शकतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण राज्यात सापडणं कठीण. त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत. भाषणं मात्र कुणी वाचत नाही.

इतिहासाची आवड असेल तर सोलापूर नगरपालिका १८५२ ची, १९३० मध्ये तिच्या इमारतीवर तिरंगा लागला आणि त्याच वर्षी शहरात मार्शल लॉ आला. महापालिका १९६४ ची. गिरण्या सुरू असतानाचं आणि बंद पडल्यानंतरचं नगर-अर्थकारण हाही मोठा विषय आहे.

११. ही सगळी कागदपत्रं मिळतात कुठं?

लोकसभा-राज्यसभेची चर्चा आणि प्रश्नोत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर आणि संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत, थेट संविधान सभेपासूनची. लोकसभेत दिवसाला जास्तीत जास्त २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकितावर पूरक प्रश्न विचारता येतात म्हणून टीव्हीवर तेच दिसतात. संशोधकाला घबाड मिळतं ते अतारांकित प्रश्नांच्या लेखी उत्तरांत, कारण तक्ते आणि जिल्हावार आकडे तिथं असतात. सोलापूर आणि माढा या दोन मतदारसंघांच्या खासदारांचे प्रश्न शोधा. एका संध्याकाळीच कळेल की कोण काय विचारतं आणि कोण काहीच विचारत नाही.

महाराष्ट्र विधिमंडळाचं कामकाज त्याच्या संकेतस्थळावर बरंचसं आहे. जुने खंड लागले तर रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबई. विधान भवनात जाण्याआधी कॉलेजच्या पत्रासह ग्रंथालयाची परवानगी काढून ठेवा, नाहीतर फाटकावरूनच परत याल.

जिल्हा परिषद आणि महापालिकेची इतिवृत्तं मागायला माहितीचा अधिकार आहेच: १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. पण आधी साधेपणानं अभिलेख कक्षात जाऊन विचारा. नम्रपणे बोललं तर कर्मचारी स्वतः कपाट उघडून देतात आणि अर्ज टाकला की तेच कपाट बंद होतं, असा अनुभव आहे. एक समिती विसरू नका: विधिमंडळाची पंचायती राज समिती. ती येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे लागतात. तिचे अहवाल म्हणजे जिल्ह्याच्या कारभाराची आयती झडती.

१२. सभागृह प्रत्यक्ष पाहून शिकायची सोय आहे का? आणि प्राध्यापक नाही झालो तर दुसरं काय?

दोन प्रश्न आहेत, पण उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे.

एम.ए.ला असताना नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातला संसदीय अभ्यासवर्ग चुकवू नका. राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे राज्यातल्या विद्यापीठांच्या राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तो होतो. मंत्री, पीठासीन अधिकारी, पत्रकार बोलतात आणि गॅलरीत बसून कामकाज बघता येतं. निवड विद्यापीठामार्फत होते, म्हणून दिवाळीच्या आधीच विभागप्रमुखांच्या मागं लागा.

पदवीनंतर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची 'लॅम्प' फेलोशिप आहे. २५ वर्षांपर्यंतच्या कुठल्याही शाखेच्या पदवीधराला पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदारासोबत काम करायला मिळतं. राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप २१ ते २६ वयाची आहे, तीत प्रशासन आतून दिसतं. दोन्हींची वयोमर्यादा कडक आहे, त्यामुळे 'आधी सेट, मग बघू' म्हणत बसलात तर वय निघून जाईल.

कायमच्या नोकरीत लोकसभा आणि राज्यसभा यांची सचिवालयं (अनुच्छेद ९८) आणि राज्याचं विधिमंडळ सचिवालय (अनुच्छेद १८७) सरकारपासून वेगळी असतात आणि त्यांच्या भरतीच्या जाहिराती स्वतंत्र निघतात. संशोधन, समिती शाखा, प्रतिवेदन, भाषांतर अशी कामं असतात. अभ्यासक सभागृहाच्या यंत्रणेत किती वर जाऊ शकतो याचं उदाहरण सुभाष कश्यप. राज्यशास्त्राचे अभ्यासक असलेले कश्यप लोकसभेचे महासचिव झाले. याखेरीज पुण्याची यशदा आणि अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था इथं प्रशिक्षणाची कामं निघतात.

१३. पगार किती? आणि बढती?

सातव्या वेतन आयोगात पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये (शैक्षणिक स्तर १०), त्यावर महागाई आणि घरभाडे भत्ता. पुढचा स्तर ११, म्हणजे ६८,९००, पीएच.डी. असेल तर ४ वर्षांनी, नसेल तर ६ वर्षांनी. सहयोगी प्राध्यापकाचा स्तर १३ए १,३१,४०० पासून सुरू होतो आणि तिथं पीएच.डी. नसेल तर पुढे सरकताच येत नाही. स्थळ बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: हे आकडे अनुदानित, मान्य पदाचे आहेत.

१४. मग तासिका तत्त्वावरचे सर इतक्या कमी पैशांत का शिकवतात?

कारण मान्य पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत आणि वर्ग तर चालवावे लागतात. तासिका तत्त्वावर म्हणजे सीएचबीवर घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. परीक्षेच्या काळात, मे महिन्यात शून्य. यूजीसीनं २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० आणि महिना कमाल ५०,००० रुपये सुचवले होते. राज्याचा दर त्याहून कमी आहे आणि तेही बऱ्याचदा उशिरा येतात. बढतीसाठी जुनी सेवा धरायची तर पूर्ण वेतन मिळालेलं असावं लागतं, म्हणून हा अनुभव तिथं सहसा धरत नाहीत.

माझं मत विचाराल तर दोन वर्षं जरूर करा, वर्गात उभं राहायला त्यानंच येतं. पण तिसऱ्या वर्षीही तेच चालू असेल तर सोबत दुसरं काहीतरी उभं करा: प्रश्न १२ मधलं एखादं काम, स्पर्धा परीक्षेचे वर्ग, अनुवाद. पस्तिशीपर्यंत 'पुढच्या वर्षी भरती निघेल' यावर जगणं घरच्यांवरही अन्याय आहे.

१५. सर, खरं सांगा, पर्मनंट व्हायला पैसे द्यावे लागतात का?

हा प्रश्न फोनवरच येतो, लिहून कुणी पाठवत नाही. मुलाखतीच्या आधी 'एकदा भेटून जा' असा निरोप येण्याचे किस्से सगळ्यांनी ऐकले आहेत. पैसे न देता निव्वळ गुणवत्तेवर लागलेले माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, हेही तितकंच खरं.

कायदा काय म्हणतो ते बघा. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक ठरू शकतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली तर ७ दिवसांत कळवलं पाहिजे, तरच देणाऱ्याला संरक्षण. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. जमीन विकून पद घेतलेला माणूस वर्गात उत्तरदायित्वावर काय शिकवणार, हा प्रश्न मी प्रत्येक फोनवर विचारतो. समोरून बहुधा 'बरोबर आहे सर, पण...' एवढंच येतं.

१६. शोधनिबंध कुठं छापावेत? 'दोन दिवसांत प्रकाशन'वाले रोज मेसेज करतात.

त्यांना ब्लॉक करा. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'केअर लिस्टेड' हा शिक्का आता दाखवण्यापुरताच उरला आहे. नियतकालिक कोण चालवतं, संपादक मंडळात कोण आहे, परीक्षण खरंच होतं का, हे स्वतः पाहायला हवं. मराठीत लिहायचं तर महाराष्ट्र राज्यशास्त्र व लोकप्रशासन परिषदेच्या अधिवेशनात निबंध वाचून सुरुवात करा. तिथं विचारलेल्या प्रश्नांनी निबंध सुधारतो. मजकुरातलं साम्य १० टक्क्यांच्या आत असावं लागतं. मराठी मजकुराची तपासणी सैल होते म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. मार्गदर्शकाला वाचता येतं.

१७. एमपीएससी आणि नेट एकत्र होते का? आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणून नोकरीत असलेल्यांनी पीएच.डी. करावी का?

पहिल्याचं उत्तर: आता बरंच जमतं. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आहेत. राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन घेतलं तर विचारवंत, संविधान, प्रशासकीय सिद्धांत हा भाग दोन्हीकडे लागतो. नेटला वस्तुनिष्ठ तपशील लागतो, राज्यसेवेला लिहायचा वेग. एकाच वहीत दोन्हीची टिपणं नकोत. सरकारी महाविद्यालयातली सहायक प्राध्यापकाची पदंही एमपीएससीच भरते, ती जाहिरात वेगळी असते. आपल्या भागात कोल्हापूरचं राजाराम महाविद्यालय सरकारी आहे.

दुसऱ्याचं उत्तर: जरूर करावी. अर्धवेळ पीएच.डी.ला कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि अभ्यासाला पुरेसा वेळ देऊ असं त्यात लिहावं लागतं. स्वतःच्याच तालुक्यावर काम करत असाल तर रोज हाताखालून जाणारी फाइल परवानगीशिवाय प्रबंधात घालू नका. तोच कागद माहिती अधिकारात रीतसर मिळवा.

१८. मी अक्कलकोटची. कलबुर्गी किंवा विजयपूर पुण्यापेक्षा जवळ आहे. महाराष्ट्राची सेट तिथं चालेल?

नाही. सेट ज्या राज्याची, त्या राज्यापुरती. १ जून २००२ च्या आधी उत्तीर्ण झालेल्यांनाच ती देशभर चालते. कर्नाटकातल्या राज्य विद्यापीठांना आणि कॉलेजांना नेट किंवा कर्नाटकची के-सेट लागते. कलबुर्गीजवळच्या केंद्रीय विद्यापीठासाठी नेट चालते. आणखी एक मेख आहे. अनुच्छेद ३७१-जे मुळे कल्याण कर्नाटकात, म्हणजे कलबुर्गी विभागात, राज्याच्या नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण आहे. विजयपूर त्या विभागात येत नाही. घरी कन्नड बोलत असाल तर के-सेटचा विचार कराच, सीमेच्या दोन्ही बाजूंचं स्थानिक शासन वाचू शकणारे अभ्यासक थोडे आहेत.

१९. प्राध्यापक झाल्यावर निवडणूक लढवता येते का?

सरकारी महाविद्यालयात असाल तर नाही. सेवा नियम राजकारणात भाग घेऊ देत नाहीत, आधी राजीनामा द्यावा लागतो. खासगी अनुदानित कॉलेजात विद्यापीठाचे परिनियम आणि संस्थेचे नियम बघावे लागतात. रजा, परवानगी, पद कायम राहणार का, हे सगळं अर्ज भरण्याआधी लेखी घ्या. तोंडी 'लढा हो सर' म्हणणारे अध्यक्ष निकालानंतर फोन उचलत नाहीत.

मतदार म्हणून मात्र तुम्हाला एक जादा हक्क मिळतो. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या मतदारसंघातून येतात. सोलापूर पुणे विभागात येतं. शिक्षक मतदारसंघात नाव घालायला मागच्या ६ वर्षांपैकी किमान ३ वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर शिकवलेलं असावं लागतं. ही यादी दर निवडणुकीला नव्यानं करतात, जुनं नाव आपोआप राहत नाही. राज्यशास्त्राच्या स्टाफरूममध्येही हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं, तेव्हा नोंदणीची जाहीर सूचना आली की अर्ज क्रमांक १९ भरून टाका. पदवीधरांसाठी अर्ज क्रमांक १८.